सात रुपयांचा शेअर आणि १०,८३४ कोटींचा हिशेब

१०,८३४ कोटी. एप्रिल २०२५ मध्ये व्होडाफोन आयडिया या एकट्या कंपनीचे एवढे शेअर झाले. हा आकडा रुपयांचा नाही, नगांचा आहे. पृथ्वीवर माणसं आहेत ८२० कोटींच्या आसपास. काल जन्मलेल्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हातावर तेरा-तेरा शेअर ठेवले तरी दीडशे कोटींच्या वर उरतील. सेकंदाला एक या वेगानं, न जेवता न झोपता मोजायला बसलं तर एक कोटीलाच ११६ दिवस लागतात. १०,८३४ कोटींना ३,४३३ वर्षं. गौतम बुद्धाच्या कितीतरी शतकं आधी कुणी मोजायला सुरुवात केली असती, तर त्याची मोजणी आता कुठे संपत आली असती.

आणि भाव? त्याच एप्रिलमध्ये सात रुपयांच्या आसपास. मुंबईत कटिंग चहाही त्याहून महाग मिळतो.

या दोन आकड्यांच्या मध्ये आपल्याकडच्या लाखो छोट्या गुंतवणूकदारांचा वाद चाललेला असतो. ऑफिसात, लोकलमध्ये, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. एकजण म्हणतो, "भाऊ, सात रुपयांचा शेअर जाऊन जाऊन किती खाली जाईल?" दुसरा म्हणतो, "सरकारच सगळ्यात मोठं भागीदार आहे, बुडू देणार नाही." तिसरा जुन्या काळातला: "दादा, मी आयडिया दोनशेला बघितलाय. निम्म्यावर आला तरी आयुष्याचं कल्याण." मग चौथा येतो आणि म्हणतो, "निघा यातून, झीरो होणार." प्रत्येकाकडे बातमी असते, तिमाहीचा निकाल असतो, कुठल्या तरी वाहिनीवर ऐकलेलं टार्गेट असतं. नसते ती एकच गोष्ट: एकूण शेअर किती, हा आकडा. माझं म्हणणं असं, की स्वस्त शेअरच्या प्रत्येक वादात पहिला प्रश्न हाच असायला हवा. तो विचारला की अर्धा वाद जागच्या जागी मिटतो.

दोनशे रुपयांवाल्याचंच म्हणणं आधी घेऊ. ते खरं आहे. एप्रिल २०१५ मध्ये आयडिया सेल्युलरचा शेअर दोनशे रुपयांच्या घरात होता. पण तेव्हा कंपनीचे एकूण शेअर होते सुमारे ३६० कोटी. दोनशे गुणिले ३६० कोटी म्हणजे ७२ हजार कोटी रुपये. बाजारानं तेव्हा अख्ख्या कंपनीची किंमत एवढी धरली होती. आता २०२५ चा हिशेब करा: सात गुणिले १०,८३४ कोटी, म्हणजे ७५,८३८ कोटी रुपये. कंपनीची किंमत जवळजवळ तीच, किंचित जास्तच. आणि शेअरचा भाव दोनशेवरून सातवर.

हे वाचून गोंधळायला होतं, कारण आपल्याला भाव म्हणजेच किंमत असं वाटत आलेलं असतं. दहा वर्षांत शेअरची संख्या तीसपट झाली, म्हणून किंमत तेवढीच राहूनही एकेका तुकड्याच्या वाट्याला तिसावा हिस्सा आला. मधल्या काळात आयडियात अख्खी व्होडाफोन इंडिया येऊन मिसळली होती, हेही विसरू नका. दोन कंपन्या एक होऊन जेवढी किंमत होते, तेवढी दहा वर्षांपूर्वी एकटीची होती.

हे कसं घडलं, ते पायरी पायरीनं पाहण्यासारखं आहे, कारण प्रत्येक पायरीला छोट्या भागधारकाला वाटत होतं, आता तळ गाठला.

३१ ऑगस्ट २०१८ ला दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण पूर्ण झालं. ४० कोटींहून जास्त ग्राहक, देशातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी. शेअर झाले ८७३ कोटी. जिओनं दर पाडलेले असल्यामुळे पैसा मात्र रोज जळत होता. म्हणून एप्रिल २०१९ मध्ये हक्कभाग, म्हणजे जुन्या भागधारकांना आधी देऊ केलेले नवे शेअर, विक्रीला काढले. साडेबारा रुपयांना एक, असे २,००० कोटी शेअर, जमा २५ हजार कोटी रुपये. प्रमाण होतं ३८ शेअरमागे ८७ नवे. शेअर झाले २,८७३ कोटी.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा, म्हणजे समायोजित सकल उत्पन्नाचा, निकाल आला. सरकारला परवाना शुल्क म्हणून उत्पन्नाचा हिस्सा द्यायचा, हे १९९९ पासून ठरलेलं होतं. उत्पन्न म्हणजे फक्त फोनसेवेचं, की व्याज, भाडं, लाभांश असं सगळंच, यावर भांडण होतं. न्यायालयानं सरकारची बाजू धरली. वर्षानुवर्षांची थकबाकी, त्यावर व्याज, दंड आणि दंडावरही व्याज. दूरसंचार खात्याच्या हिशेबानं व्होडाफोन आयडियाची रक्कम निघाली ५८,२५४ कोटी रुपये. कंपनीचा स्वतःचा हिशेब २१,५३३ कोटींचा होता. नोव्हेंबरमध्ये शेअर तीन रुपयांच्या खाली गेला. सहा-सात महिन्यांपूर्वी ज्यांनी साडेबारानं हक्कभाग घेतले होते, त्यांचे चार भागांतले तीन भाग गेले.

२०१९-२० या आर्थिक वर्षाचा तोटा होता ७३,८७८ कोटी रुपये. भारतातल्या कुठल्याही कंपनीनं तोपर्यंत एका वर्षात एवढा तोटा दाखवला नव्हता. दिवसाला २०२ कोटी. सेकंदाला २३ हजार रुपयांच्या वर. हे वाक्य वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात लाखभर रुपये गेले, आणि वर्षभर रात्रंदिवस तसेच जात राहिले.

पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारनं देणी चार वर्षं पुढे ढकलायला परवानगी दिली. पुढे ढकललेल्या देण्यांवर व्याज चढत होतंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या व्याजापोटी सरकारनं पैशांऐवजी शेअर घेतले: दहा रुपयांना एक, असे १,६१३ कोटी. एकूण झाले ४,८६८ कोटी. एप्रिल २०२४ मध्ये देशातला तोवरचा सगळ्यात मोठा एफपीओ, म्हणजे आधीच बाजारात असलेल्या कंपनीची नवी शेअरविक्री, आला, अकरा रुपयांनी १८ हजार कोटी रुपये, म्हणजे आणखी १,६३६ कोटी शेअर. अर्ज करायचा तर कमीत कमी १,२९८ शेअरचा. नंतर यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांना देणं द्यायचं होतं, त्यांनाही काही शेअर दिले. प्रवर्तकांनीही घेतले. २०२५ च्या सुरुवातीला आकडा ७,१३९ कोटी झाला, आणि एप्रिलमध्ये सरकारनं स्पेक्ट्रमच्या थकबाकीपोटी आणखी ३,६९५ कोटी शेअर घेतले. तेही दहा रुपयांनी.

बाजारात सातला मिळणारा शेअर सरकारनं दहाला का घेतला, असा प्रश्न पडेल. शेअरची दर्शनी किंमत दहा रुपये आहे, आणि कंपनी कायद्यात दर्शनी किमतीपेक्षा कमी भावानं नवा शेअर देता येत नाही. एका अर्थी छोट्या भागधारकाला या कायद्यानं वाचवलं. सात रुपयांनी दिले असते तर त्याच ३६,९५० कोटी रुपयांसाठी ५,२७८ कोटी शेअर छापावे लागले असते.

आता २०१५ मध्ये दोनशेनं पाचशे शेअर घेतलेल्या माणसाकडे बघू. त्यानं एक लाख रुपये घातले. कंपनीत त्याचा वाटा होता ७२ लाखांत एक. तो काहीच न करता बसून राहिला, घेतलं नाही, विकलं नाही. २०२५ मध्ये त्याच्या डीमॅट खात्यात पाचशेच शेअर आहेत, किंमत साडेतीन हजार रुपये, आणि कंपनीतला वाटा २१ कोटी ६७ लाखांत एक. हक्कभागाच्या वेळी आपला वाटा तसाच राखायचा त्यानं ठरवलं असतं, तर १,१४४ शेअरसाठी १४,३०० रुपये आणखी घालावे लागले असते. त्यानंतर सरकारला, पुरवठादारांना, प्रवर्तकांना जे शेअर मिळाले, ते घ्यायची संधी त्याला नव्हती. त्याच्या खात्यातून एकही शेअर कुणी काढून घेतला नाही. तरी त्याचा वाटा तिसाव्या हिश्श्यावर आला.

"सरकार बुडू देणार नाही" या वाक्यात गफलत आहे ती इथे. ते वाक्य बरोबर ठरलं. सरकारनं खरंच बुडू दिलं नाही. देशात दोनच खासगी मोबाइल कंपन्या उरू नयेत, ही सरकारची गरज आहे आणि ती योग्यही आहे. पण वाचवायचं म्हणजे कर्जाचे शेअर करायचे, आणि नवा शेअर जुन्या शेअरच्या वाट्यातूनच येतो. कंपनी वाचेल का हा एक प्रश्न आणि माझा वाटा वाचेल का हा वेगळाच. आपले लोक पहिल्याचं उत्तर शोधतात आणि तेच दुसऱ्याचंही उत्तर समजून पैसे घालतात. दोन्हींची उत्तरं उलटसुलट असू शकतात, आणि या कंपनीच्या बाबतीत सहा-सात वर्षं ती तशीच आली आहेत.

आता पुढचं बघू, कारण वाद पुढच्याचाच असतो. "शंभर होणार" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. शंभर रुपये गुणिले १०,८३४ कोटी म्हणजे १० लाख ८३ हजार कोटी. २०२५ मध्ये भारती एअरटेलचं बाजारमूल्य ११ लाख कोटींच्या आसपास होतं. म्हणजे शंभरचं टार्गेट देणारा माणूस म्हणतोय, की ही कंपनी एअरटेलएवढी होईल. एअरटेलला २०२४-२५ च्या शेवटच्या तिमाहीत एका ग्राहकामागे महिन्याला २४५ रुपये मिळत होते, व्होडाफोन आयडियाला १७५. विलीनीकरणाच्या वेळचे ४० कोटी ग्राहक घटून वीस कोटींच्या आत आलेले. तुम्हाला वाटत असेल की ही दरी भरून निघेल, तर जरूर शंभर म्हणा. पण म्हणताना "सातचा शंभर" म्हणू नका, "एअरटेलएवढी" म्हणा. तोंडातून निघताना शब्द जड होतील आणि ऐकणारा थांबून विचार करील.

हजारवालेही असतात. हजार गुणिले १०,८३४ कोटी म्हणजे १०८ लाख कोटी. २०२४-२५ मध्ये भारताचं वर्षभराचं एकूण देशांतर्गत उत्पादन ३३१ लाख कोटींच्या आसपास होतं. देशात वर्षभरात जे पिकलं, बनलं, विकलं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी एक मोबाइल कंपनी. हे टार्गेट ज्यांनी तरुण पोरांच्या डोक्यात घातलं, त्यांनी गुणाकार केला नाही, किंवा केला आणि सांगितला नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट आहे.

भावाच्या दुसऱ्या टोकालाही हाच हिशेब लागू होतो. मोबाइलवर ऑर्डरचा पडदा उघडून बघा. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे, मध्ये एकेका पैशाचं अंतर, आणि प्रत्येक पैशासमोर लाखो शेअर रांगेत. तुमचे दोन-चार हजार त्या रांगेत सापडणारही नाहीत. भाव एका पैशानं हलला तर पडद्यावर काहीच झाल्यासारखं वाटत नाही. पण एक पैसा गुणिले १०,८३४ कोटी म्हणजे १०८ कोटी रुपये. सकाळी ७.०४ चे दुपारी ७.०९ झाले, की कंपनीची किंमत साडेपाचशे कोटींच्या आसपास वाढलेली असते. एक रुपयानं वर जायला १०,८३४ कोटींची भर पडावी लागते. "एकच रुपया तर वाढायचाय" असं म्हणणाऱ्याला हा रुपया दाखवा.

आणि कर्ज. मार्च २०२५ अखेरीस कंपनी सरकारला सुमारे १ लाख ९५ हजार कोटी रुपये देणं लागत होती. वाढून १०,८३४ कोटी झालेल्या सगळ्या शेअरांत ते वाटलं तरी एका शेअरमागे अठरा रुपये. सात रुपयांच्या शेअरवर अठरा रुपयांचं देणं. त्या वर्षीचा तोटा २७,३८३ कोटी, म्हणजे दिवसाला ७५ कोटी. हे देणं कधी, कसं आणि किती फेडायचं यावरच पुढची सगळी गोष्ट अवलंबून आहे. त्यातलं आणखी काही शेअरमध्ये रूपांतरित झालं, तर वरचा प्रत्येक गुणाकार नव्या आकड्यानं करावा लागेल.

असं ऐकलं की कुणीतरी हमखास सुझलॉनचं नाव काढतं, आणि ते काढायलाच हवं. सुझलॉन आपल्या पुण्याची, हडपसरला मुख्यालय. पवनचक्क्यांची ही कंपनी जानेवारी २००८ मध्ये ४६० रुपयांना होती आणि मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्याही खाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ८६ रुपयांवर गेली. दोन रुपयांनी लाखभराचे पन्नास हजार शेअर घेऊन कुणी साडेचार वर्षं शांत बसला असेल, तर त्याचे ४३ लाख झाले. असे लोक आहेत आणि त्यांचं धैर्य खरं आहे. कंपनीनं कर्जाची फेररचना केली, २०२२ मध्ये पाच रुपयांनी हक्कभाग विकून १,२०० कोटी उभे केले, २०२३ मध्ये मोठ्या संस्थांकडून आणखी २,००० कोटी घेतले आणि कर्जातून बाहेर आली. हक्कभागाची विक्री तोंडावर असताना, १ ऑक्टोबर २०२२ ला संस्थापक तुलसी तांती गेले. तरीही कंपनी उभी राहिली.

पण २००८ मधल्या भागधारकाला विचारा. तेव्हा शेअर होते दीडशे कोटी, आता सुमारे १,३७० कोटी. दीडशे कोटी गुणिले ४६०, म्हणजे २००८ च्या शिखरावर कंपनीची किंमत ६९ हजार कोटी. आज तेवढीच किंमत व्हायला भाव लागतो पन्नास रुपये. सुझलॉननं २००८ चं शिखर कधीच ओलांडलं. ज्यानं ४६० ला घेतला होता तो मात्र अजून खोलात आहे. "परत ४६० होणार" म्हणजे कंपनी ६ लाख ३० हजार कोटींची होणार, २०२५ मधल्या लार्सन अँड टुब्रोपेक्षा मोठी. सुझलॉनमध्ये पैसे झाले ते दोन रुपयांना घेतलेल्याचे, चारशेपासून ॲव्हरेज करत उतरलेल्याचे नव्हेत.

येस बँकेचंही तसंच. ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या वर, मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले त्या आठवड्यात सहा रुपयांच्याही खाली. स्टेट बँक आणि इतरांनी दहा रुपयांनी १,००० कोटी शेअर घेतले. चार महिन्यांत एफपीओमध्ये बारा रुपयांनी आणखी १,२५० कोटी. ज्यांच्याकडे शंभर किंवा त्याहून जास्त जुने शेअर होते त्यांचे ७५ टक्के तीन वर्षं विकायलाच बंदी. २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेनं साडेएकवीस रुपयांनी मोठा हिस्सा घेतला. त्या भावानं बँकेची किंमत होते ६७ हजार कोटी, २०१८ मधल्या ९३ हजार कोटींपेक्षा साधारण पाव भागानं कमी. बँकेची किंमत पाव भागानं घटली, शेअर ९५ टक्क्यांनी.

सुझलॉन, येस बँक, व्होडाफोन आयडिया. प्रत्येकीत पन्नास लाखांहून जास्त भागधारक. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, ऑगस्ट २०२५ पर्यंत ती वीस कोटींवर गेली. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला. या नव्या सोळा कोटी खात्यांतली कितीतरी उघडलेल्या दिवशीच अशा एखाद्या शेअरनं भरली असणार, कारण पहिला पगार लहान असतो आणि दहा हजारांत रिलायन्सचे मोजकेच शेअर घेण्यापेक्षा सात रुपयांचे चौदाशे शेअर घेतल्याचं समाधान मोठं असतं. त्या समाधानाचा मला राग नाही. राग येतो तो त्याचा फायदा उठवणाऱ्यांचा.

तो कसा उठवतात, हे बाजार नियामक सेबीच्या एका आदेशात नोंदलेलं आहे. साधना ब्रॉडकास्ट नावाची छोटी कंपनी. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले, की अदानी समूह ही कंपनी घेणार आहे, पैसे अनेक पटींनी वाढणार. सगळं खोटं. व्हिडिओ लोकांपर्यंत पोचावेत म्हणून जाहिरातींवर पैसे ओतले गेले. छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ होती, ती ५५,३४३ झाली. पंचवीसपट. ५३ हजार नवी माणसं आत आली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा आतले लोक विकून बाहेर पडत होते. मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात सेबीनं या कंपनीच्या व्यवहारांत गैरमार्गानं कमावलेला सुमारे ४२ कोटींचा नफा जप्त करायला सांगितलं. ५३ हजारांत वाटा, माणशी आठ हजारांच्या आसपास येतात. आठ हजारांसाठी कुणी पोलिसात जात नाही, वकील करत नाही, घरीही सांगत नाही. हा धंदा त्या न सांगण्यावर चालतो.

अशा छोट्या शेअरला अनेकदा रोज पाच टक्क्यांचं सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव हलण्याची मर्यादा, असतं. रोज पाच टक्के ऐकायला साधं वाटतं. पण सलग १५ सत्रांत पैसे दुप्पट होतात, ९५ सत्रांत शंभरपट. चार-साडेचार महिन्यांत शंभरपट. मात्र अप्पर सर्किटला विकणारा नसतो, त्यामुळे तुम्हाला तो मिळतच नाही. मिळायला लागतो तेव्हा कुणीतरी विकायला काढलेला असतो. मग लोअर सर्किट, आणि तिथे घेणारा नसतो. ४५ सत्रांत नव्वद टक्के जातात आणि प्रत्येक सकाळी तुमची विक्रीची ऑर्डर रांगेत तशीच पडून राहते.

कंपनी वाचली म्हणून शेअर वाचतो असं नाही, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे घरकर्ज देणारी मुंबईची डीएचएफएल. कंपनी दिवाळखोरी न्यायालयात, पिरामल समूहाचा प्रस्ताव ३४,२५० कोटींचा. ७ जून २०२१ ला त्याला मंजुरी मिळाली, तेव्हा लोकांनी आनंदानं शेअर घेतले, कारण कंपनी वाचली होती. मंजूर झालेल्या योजनेत भागधारकाची किंमत शून्य लिहिलेली होती. १४ जूनला व्यवहार बंद झाले. दिवाळखोरी कायद्यात आधी सावकार, मग इतर देणेकरी, आणि सगळ्यांत शेवटी शेअरधारक, हे कायद्याच्या कलमात छापलेलं आहे.

आता दुसरं टोक. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स ही एशियन पेंट्सच्या प्रवर्तक गटातली कंपनी. शेअरचा भाव ३ रुपये ५३ पैसे, वर्षानुवर्षं जवळजवळ व्यवहारच नाही. भावावरून पाहिलं तर अस्सल पेनी स्टॉक. २९ ऑक्टोबर २०२४ ला सेबीच्या सूचनेनुसार खास लिलाव झाला आणि भाव निघाला २ लाख ३६ हजार २५० रुपये. एका दिवसात ६६ लाख ९२ हजार टक्के. बातम्यांत चमत्कार म्हणून आला, पण चमत्कार काहीच नव्हता. कंपनीचे एकूण शेअर होते दोन लाख. फक्त दोन लाख, आणि पोटात एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर. लिलावाआधीच्या भावानं अख्ख्या कंपनीची किंमत ७ लाख ६ हजार रुपये होत होती, पुण्यात एखादी गाडी येते तेवढी. ज्यांच्याकडे ते शेअर होते, ते त्या भावाला विकायला तयार नव्हते, आणि का ते उघड आहे.

साडेतीन रुपयांचा एक शेअर आणि सात रुपयांचा दुसरा. भावावरून दोघं सख्खे शेजारी. एकाचे दोन लाख नग, दुसऱ्याचे १०,८३४ कोटी, म्हणजे पाच लाख चाळीस हजार पटींहून जास्त. या दोघांना "पेनी स्टॉक" असं एकच नाव देऊन, एकात झालं म्हणून दुसऱ्यातही होईल असं सांगणारे त्या दिवाळीत कमी नव्हते.

या साऱ्यात आणखी एक भागधारक आहे, त्याला कुणी विचारात घेत नाही. सरकारनं व्होडाफोन आयडियाचे दोन वेळा मिळून ५,३०८ कोटी शेअर घेतले, ४९ टक्के, आणि त्यापोटी ५३,०८३ कोटींची येणी सोडली. ती येणी जनतेची होती. १४६ कोटी लोकांत वाटली तर माणशी ३६ शेअर, दहा रुपयांच्या भावानं. ज्यानं आयुष्यात डीमॅट खातं उघडलं नाही, त्या चंद्रपूरच्या शेतमजुराचेही ३६० रुपये या कंपनीत आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी दोन, पाच, सात रुपयांचा शेअर सुचवला, तर त्याच्याशी वाद घालू नका. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घाला, शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा आणि एकूण शेअरांचा आकडा कागदावर लिहा. त्याखाली पाच वर्षांपूर्वीचा लिहा. आकडा फुगला असेल तर नवे शेअर कुणाला आणि कोणत्या भावानं गेले ते शोधा, आणि ज्या भावाचं स्वप्न दाखवलं जातंय त्यानं आजच्या आकड्याला गुणा. हे सगळं फुकट आहे, मोबाइलवर आहे, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. पैसे त्यानंतर घाला.